दोन लुगड्यांचा दंड

आमच्या घरी माग होता आणि त्यावर बारा महिने लुगडी विणली जात, पण माझ्या आईच्या अंगावर कोरं लुगडं मी क्वचितच पाहिलं. सूत गुलाबचंद शेठजींचं, म्हणून मागावरून उतरलेलं लुगडंही त्यांचंच. माझे वडील, बापूजी, दर आठवड्याला घड्या बांधून इतवारीच्या बाजारात पोचवून येत. आमच्या टिमकी मोहल्ल्यातल्या बहुतेक विणकरांच्या घरी असंच होतं, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे.

आईचं नाव रुखमाबाई. दंड घालावा तर तिनेच, असं आमच्या गल्लीत म्हणत. रोजच्या नेसण्यातलं नऊवारी एका बाजूनं लवकर विरतं, बसाउठायच्या जागी तर जाळी होते. पण उरलेला भाग चांगला धड असतो. अशा दोन लुगड्यांचे धड भाग कापून एकमेकांना जोडले की एक पूर्ण लुगडं तयार होतं; यालाच दंड घालणं म्हणतात. आई दोन्ही तुकडे एकाच गडद रंगात काढायची, सावलीत वाळवायची, आणि टाकून द्यायच्या भागातला धागा उसवून त्यानेच जोड शिवायची. नेसल्यावर ती शिवण निऱ्यांच्या आत जायची. विरलेल्या चिंध्या लंगोटांना, पुसण्याला आणि शेवटी वातींना जायच्या. आमच्या घरात कापड असं टाकलं कधी गेलंच नाही.

शामलाकाकू उमरेडहून आमच्या घरी सून म्हणून आली ती त्रेसष्ट साली, सोळा वर्षांची. रुपरावकाकांची बायको, म्हणजे आईची धाकटी जाऊ. तिचं माहेरही विणकराचंच, पण दंड घालायला तिला आईनं शिकवलं. दिवाळी झाली की दोघी छपरीत बसायच्या. एक जुनं लुगडं आईचं, एक काकूचं, आणि दोन्ही मिळून तयार व्हायचं एकच. ते एका वर्षी आईनं घ्यायचं, पुढच्या वर्षी काकूनं. ही पाळी कधी चुकली नाही.

"टाका लहान घे वं शामला," आई म्हणायची. "बोट फिरवलं तं बोटालेबी समजलं नाई पाहिजे."

"तुमच्यावानी हात कुठून आणू, बाई?" काकू म्हणायची आणि उसवून परत शिवायची.

नळावरच्या बायका हसायच्या, या दोघी जावांचं मिळून एकच लुगडं. त्या दोघीही हसायच्या.

बहात्तर साली मागाला काम कमी पडू लागलं. दोन भावांचं एका मागावर भागेना. काकांना उमरेडजवळच्या कोळशाच्या खाणीत नोकरी लागली, राहायला क्वार्टर मिळालं, आणि पोळ्याच्या आधी काका-काकू सामान बांधून निघाले. त्या वर्षी पाळी काकूची होती. बसमध्ये चढताना तिनं आईला म्हटलं, "माही पाळी राहिली हो, बाई."

"राहीन कशी? तुह्याच नावानं ठेवीन," आई म्हणाली.

काकू तिकडे रमली. क्वार्टरच्या ओळीत सगळ्या बायका गोल साड्या नेसायच्या, त्याही नायलॉनच्या. धुतली की तासाभरात वाळते, वर्षानुवर्षं विरत नाही, असं काकू आल्यावर कौतुकानं सांगायची. आई त्या साडीवर हात फिरवून बघायची आणि म्हणायची, "गरम होत असंन वं." बाकी त्यांचं पूर्वीसारखंच होतं. काकू दारात दिसली की आई आतूनच हाक मारायची, "ये वं शामला, ये."

शहात्तर साली माझं लग्न ठरलं. लग्नात काकूला आहेर करायचा होता. आईजवळ तेव्हा तीन लुगडी होती. त्यातली दोन, अजून बरी नेसण्याजोगी असलेली, तिनं कापली. मी म्हटलं, "माय, तू काय नेसशीन मंग?" तर म्हणाली, "एक हाये ना. शामलाची पाळी राहून गेली हाये माह्याकडं, चार वर्षं झाली." पंधरा दिवस ती दुपारी त्याच कामाला बसली होती. विणकराची मुलगी असूनही मला त्यातला जोड शोधावा लागला, इतकं ते सुंदर झालं होतं.

लग्नात काकूबरोबर तिच्या शेजारच्या इंदुताई आल्या होत्या. त्यांचे यजमान खाणीच्या ऑफिसात बाबू होते. आईनं कुंकू लावून लुगडं काकूच्या हातात दिलं आणि ती दुसऱ्या पाहुणीकडे वळली. इंदुताईंनी ते सहज हातात घेतलं, उलगडलं, उजेडाकडे धरलं.

"हे तर दंड घातलेलं आहे," त्या म्हणाल्या. वाईट हेतूनं नाही. पाहिलं ते बोलल्या. पण आजूबाजूच्या चार बायकांनी वळून बघितलं.

काकूचा चेहरा लाल झाला. ती घाईनं घडी घालत म्हणाली, "असू द्या. आमच्याकडं भांडे घासणाऱ्या बाईले होऊन जाईन."

आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी बोहल्याच्या बाजूला बसले होते, मला आईची पाठ दिसत होती. ती वळली नाही. पुढच्या बाईला कुंकू लावलं, तिच्या पुढच्या बाईला लावलं.

त्यानंतर काकू दोनदा आली. दोन्ही वेळा आई उठून दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "या, बसा." पाट मांडला, जेवू घातलं, पुन्हा एकदा भाजी वाढली. भांडण नाही, तक्रार नाही. दुसऱ्या खेपेला काकू मागच्या अंगणात माझ्याजवळ रडली. म्हणाली, "बाई मले आहोजाहो करून राहिल्या वं. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या." मी आईशी बोलून बघितलं. ती म्हणाली, "मोठ्या घरच्या झाल्या त्या. मान द्या लागते." तेव्हापासून आईनं दंड घालणंही सोडलं. गल्लीतल्या बायका लुगडी घेऊन यायच्या, तर डोळ्याला दिसत नाही म्हणून परत पाठवायची.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात आईचा दमा वाढला आणि तिला सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. मी हुडकेश्वरला दिलेली, पोटाशी लहान मूल; मला रोज सकाळी येऊन दुपारी परतावं लागे. बापूजींचं वय झालेलं. काकूला कुणी कळवलं माहीत नाही. तिसऱ्या दिवशी मी गेले तर ती आईच्या खाटेजवळ खाली बसलेली होती. ती अकरा दिवस तिथंच राहिली.

आईचे कपडे तीच धुवायची. एका सकाळी मी पोचले तेव्हा तिच्या हातात आईचं ओलं लुगडं होतं. त्याला जागोजागी गाठी मारलेल्या होत्या. जिथं फाटलं तिथं दोन कडा ओढून गाठ. त्या गाठी मीही पाहिल्या होत्या, कितीतरी महिने, आणि कधी विचारलं नव्हतं.

"बाई," काकू म्हणाली, "तुमच्यासारखीनं गाठी मारून नेसाव? काहून?"

आईनं श्वास जमवला. "दंडाले दोघी लागतात," ती म्हणाली.

काकू कितीतरी वेळ ते लुगडं पिळत राहिली. मग खाली बसली आणि खाटेच्या पट्टीवर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुम्ही देल्लं ते लुगडं मी भांडे घासणारीले नाई देल्लं. ते मी फक्त बोलली होती."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सगळं निभावलं. पण काकूला तेवढ्यावर थांबता आलं नाही.

"मी त्याची घडीबी मोडली नाई," ती म्हणाली. "लोकं हसतीन म्हणून नेसली नाई. मंग जुन्या कपड्यावर भांडे देणारी आली होती. तिले दिऊन टाकलं. स्टीलचा डबा घेतला."

आई म्हणाली, "मोठा हाये का डबा?"

"हो."

"झाकण बसते?"

"बसते, बाई."

"मंग ठीक हाये," आई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

त्याच दुपारी काकू उन्हात इतवारीपर्यंत चालत गेली आणि एक कोरं सुती लुगडं घेऊन आली. तिनं ते आईच्या पायाशी ठेवलं. आई म्हणाली, "उगीच काहून खर्च केला तुम्ही?" ती 'तुम्ही' म्हणाली. चार दिवसांनी, सकाळी सहाच्या सुमारास, आई गेली. ते कोरं लुगडं तिला शेवटी नेसवलं, तेही मी आणि काकूनं मिळून. काकूला निऱ्या जमेनात, त्या मी घातल्या.

तेरावं झाल्यावर मी काकूला उमरेडच्या बसमध्ये बसवायला गेले. बस लागलेली होती, पण ती चढेना. पिशवी या हातातून त्या हातात घेत होती.

"प्रेमिला," ती म्हणाली, "शेवटच्या दोन दिवसांत मी अंघोळीले, जेवाले गेली की तूच जवळ होती. माह्याबद्दल काही बोलल्या का वं त्या?"

आई काही बोलली नव्हती. पाणी मागितलं होतं, बापूजी जेवले का विचारलं होतं, माझ्या मुलाचं नाव घेतलं होतं. मला खोटं बोलता आलं असतं. एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते खोटं आहे हे कुणालाच कधी कळलं नसतं. पण आईला जाऊन चौदा दिवसही झाले नव्हते. तिच्या तोंडी तिचे नसलेले शब्द घालवेनात.

"नाही, काकू," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, जणू तिला ते ठाऊकच होतं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बसमध्ये चढली. खिडकीची जागा मिळाली होती, पण तिनं बाहेर पाहिलं नाही. पुढं ती आमच्याकडे फारशी आली नाही. शहाऐंशीत काकांचं पत्र आलं तेव्हा तिला जाऊन आठ दिवस झाले होते.

आज माझं वय काकूच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरंच जास्त आहे. त्या दिवशी मी खरं बोलले याचा मला एकदाही आनंद झालेला नाही.