पुंडलिक तांडेल वेरावळला जातो

पुंडलिक तांडेलाने आपल्या एकुलत्या एका मुलीच्या नावाने अंघोळ केली, त्याला आठ वर्षं झाली होती. मुलगी मेली नव्हती. करसन नावाच्या वेरावळच्या एका खलाशाबरोबर निघून गेली होती. पण पुंडलिकने नवापूरच्या खाडीवर जाऊन, चार माणसांदेखत तीन बुड्या मारल्या आणि ओल्या अंगाने सांगितलं, "चंद्रकांता आमाला मेली." त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघालं नाही. त्याच्यासमोर तरी नाही.

राग जातीचा होताच, पण त्याहून जास्त विश्वासाचा होता. करसनच्या गलबताचं सुकाणू वादळात मोडलं, तेव्हा पुंडलिकनेच ते ओढून खाडीत आणलं होतं. सुतार मिळेपर्यंत तीन आठवडे त्या पाच काठियावाड्यांना आपल्या ओटीवर ठेवलं, रोज ताटात गरम भात आणि कालवण वाढायला लावलं. त्यातलाच एक पुढच्या दोन्ही हंगामांत काही ना काही निमित्त काढून आला, आणि तिसऱ्या वेळी पोरीला घेऊन गेला. "ज्याला वाढलं त्यानंच ताट उचलून नेलं," असं पुंडलिक म्हणायचा, आणि त्यावर गावात कोणी बोलत नसे. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य, त्यामुळे समुद्रावर त्याच्या शब्दाला मान होता. घरात धाक होता.

त्या भाद्रपदात त्याची बायको गोदूबाई तापाने वारली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, ऐन बोंबिलाच्या हंगामात, नवा पोस्टमन दारात आला आणि म्हणाला, "गोदूबाई पुंडलिक. पत्र हाय."

पुंडलिक चौथीपर्यंत शिकलेला. अक्षर जुळवत, ओठ हलवत त्याने आंतरदेशीय पत्र वाचलं.

"आये, तीन पत्रं टाकली, तुजं उत्तर नाय. रागावलीस का माज्यावर? मला सातवा लागलाय. जमना रोज विचारते, आजी कदी येणार. बाबांना विचारून बघ ना. आता तरी सोडतील. नायतर जत्रेला जाते सांगून ये."

तो किती वेळ उंबऱ्यावर बसून होता कोण जाणे. उठला तो थेट शेजारच्या पुष्पलताकडे गेला. पुष्पलता बालवाडीची बाई, गावातल्या निम्म्या बायकांची पत्रं तीच वाची आणि तीच लिही.

"किती दिवस चाललं होतं हे?" त्याने पत्र पुढे धरलं.

पुष्पलताने पत्र ओळखलं. घाबरली, पण खोटं बोलली नाही. "सात वर्षं, काका. पयला पोस्टमन माज्याकडंच देयाचा. काकी म्हणायची, यांना कळलं तर माजं एवढंपण बंद होईल."

"मग गोदू गेली ते का नाय लिवलंस?"

"ते मी कसं लिवू?" ती खाली बघून म्हणाली. "ते बापानं कळवायचं असतं. तुमी कळवाल, आज कळवाल, उद्या कळवाल, म्हणून तिची तीन पत्रं तशीच ठेवून मी वाट बगत रायले."

पुंडलिकने पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली.

तिसऱ्या दिवशी होडी भाच्याच्या हवाली करून त्याने बोईसरला गाडी धरली. सुक्या पापलेटांचं एक गाठोडं, दोन धोतरं आणि खिशात ते पत्र. एवढ्या लांब तो जमिनीवरून कधी गेला नव्हता. अहमदाबादला गाडी बदलली, मग त्या चिंचोळ्या रुळांच्या गाडीत लाकडी बाकावर अवघडून बसला. वाटभर एकच वाक्य घोकत होता: "चंद्रे, तुजी आय गेली." कधी "पोरी" लावून बघे, कधी "बाय" लावून. आठ वर्षांत तोंडाने हाकेची सवय सोडली होती.

वेरावळ आलं ते वासानेच कळलं. सकाळची वेळ होती. स्टेशनाबाहेर पडल्यावर माणूस चुकायचा नाही, उताराने चालत राहिलं की बंदर येतंच. बंदर बघून मात्र तांडेल जागच्या जागी उभा राहिला. डोलकाठ्यांचं नुसतं रान. नवापूर, सातपाटी, डहाणू, सगळ्यांच्या होड्या एकत्र आणल्या तरी एवढी दाटी झाली नसती. रस्त्याच्या कडेलाच मोठमोठी लाकडी गलबतं बांधायला घेतलेली, त्यांच्या उघड्या फासळ्यांवर चढून सुतार भोकं पाडत होते, कापूस ठोकून फटी बुजवत होते. एरवी तो तिथे दिवसभर रमला असता. पण त्याने पत्रावर लिहिलेल्या खारवावाडाची, म्हणजे तिथल्या कोळीवाड्याची, वाट विचारली, तिथे रामदेवपीराच्या देवळाशी करसनचं नाव घेतलं, आणि एका बाईने बोटाने दाखवलं, ती बघा, वाळवणावर.

मोकळ्या मैदानात वाकट्या वाळत घातल्या होत्या, चांदीच्या पट्ट्या मांडाव्यात तशा. त्या उलटत एक जड अंगाची बाई सावकाश चालत होती. साडीचा पदर काठियावाडी वळणाने उजव्या खांद्यावर घेतलेला. पण कमरेवर हात देऊन मान वर करायची ढब गोदूची होती.

तिने त्याला पाहिलं. हातातली मासळी खाली ठेवली. धावत येणं शक्य नव्हतं, तरी ती धावलीच. आणि त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी तिची नजर त्याच्या पाठीमागे गेली, रस्त्याच्या टोकापर्यंत.

"बाबा! आय? आय मागं हाय?"

घोकलेलं वाक्य घशाशी आलं होतं. समोर ती धापा टाकत उभी, एक हात पोटाखाली धरलेला, चेहरा असा उजळलेला की त्याच्याच्याने बघवेना.

"गुडगे धरलेत तिचे," पुंडलिक म्हणाला. "एवढा परवास जमायचा नाय म्हणाली. मग मीच आलो."

"तिनं धाडलं तुमाला?"

"तिनंच."

चंद्रकांता रडू लागली आणि रडता रडता हसू लागली. वाकून पाया पडायला गेली, तर त्याने तिला मध्येच धरलं.

पुढचे दोन दिवस पुंडलिकच्या आयुष्यात आदराचे आणि शिक्षेचे गेले. दोन खोल्यांचं घर, पण लख्ख. सहा वर्षांची जमना त्याच्या मांडीवरून उठेना. करसनने दारातच पायाला हात लावला आणि तो बाजूला उभा राहिला. सासऱ्याने बसायला सांगेपर्यंत बसला नाही. चंद्रकांताने बापाने आणलेल्या पापलेटांचं नवापूरसारखं आंबट कालवण केलं आणि वाढता वाढता विचारत राहिली. आय अजून पहाटे उठते का? तिचा दम कमी आहे का? अजून डोक्यावर पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात जाते का? ती बोंबलांच्या मांडवाखाली बसून विडा खाते का? पुंडलिक "हो" म्हणत होता. प्रत्येक "हो"बरोबर गोदू पुन्हा थोडी जिवंत होत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रकांता कुठेतरी जाऊन आली. घामाघूम झाली होती. हातात तेलाची बाटली.

"गावाबाहेर एक वैद हाय, बाबा. गुडग्याला याच्यासारखं तेल नाय. जरा कोमट करायचं आन् वरून खाली चोळायचं. खालून वर नाय. तिला सांगा हां नीट. नायतर तुमीच चोळून द्या."

पुंडलिकने बाटली हातात घेतली आणि उठून बाहेर गेला. चालत चालत बंदरावर पोचला. करसन एका गलबतावर दोर गुंडाळत होता. सासऱ्याचं तोंड बघून खाली उतरला.

"बापा, शुं थयुं? काय झालं?" त्याचं मराठी बायकोकडून शिकलेलं होतं, अगदी नवापूरचं.

ज्या माणसाचं नाव त्याने आठ वर्षं शिवीसारखं उच्चारलं, त्याच माणसाला पुंडलिकने पहिल्यांदा सांगितलं. "गोदू नाय रे. भादव्यात गेली. पोरीला सांगवंना."

करसनने गमछ्याने डोळे पुसले. गोदूबाईने त्यालाही तीन आठवडे जेवू घातलं होतं.

"आता सांगायचं कसं?" पुंडलिक म्हणाला. "ती दोन जिवांची. तू सांग. बाळंत झाल्यावर सांग. मी उद्या जातो."

"नाय, बापा." आवाज मऊ होता, पण माणूस हलणारा नव्हता. "मी एकदा तिला आयपासून चोरून आणली. आता आयचं मरण पण चोरू? ते मला नाय जमणार. तुमी सांगा. आजच. मी तितं उबा रायतो."

दोघं घरी आले. चंद्रकांता तांदूळ निवडत होती. पुंडलिक तिच्यासमोर जमिनीवर बसला, बाटली मध्ये ठेवली.

"चंद्रे, तुजी आय गेली. चार महिने झाले."

तिला आधी कळलंच नाही. तिने बाटलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. करसनची मान खाली होती. तेव्हा कळलं. सूप लवंडलं. तिचा हंबरडा ऐकून शेजारच्या खारवणी धावत आल्या. पुंडलिक तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, तो तिने झटकला.

"चार महिने! मी तिला पत्रं टाकत होते, बाबा! मेलेल्या माणसाला विचारत होते, रागावलीस का!" आणि मग, आवाज खाली आणून, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "मी जित्ती असताना माज्या नावानं अंघोळ केलीत. आन् आय मेली तर मला अंघोळपण करू दिली नाय."

जमलेल्या बायकांना भाषा कळली नाही, पण सगळ्या मागे सरल्या.

पुंडलिक उठला. चौकातल्या आडावर गेला. उभ्या जन्मात त्याने घरचं पाणी भरलं नव्हतं; ते बायकांचं काम. त्याने कळशी सोडली, ओढली, बादली भरली. दुसरी भरली. एका म्हातारीने पुढे होऊन त्याच्या हातचा दोर घ्यायला बघितला, तर त्याने मान हलवली. चार बादल्या त्याने मोरीपाशी नेऊन ठेवल्या आणि पाठ करून उंबऱ्याबाहेर बसला. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला, आणि हुंदके.

तीन दिवस चंद्रकांता त्याच्याशी बोलली नाही. ताट मात्र वेळेवर येई. जमना आणून ठेवी. जा असं कोणी म्हणालं नाही, राहा असंही नाही. पुंडलिकला रिकामं बसवेना. तो गलबतांच्या कारखान्याकडे जाऊन उभा राहू लागला. दुसऱ्याच दिवशी त्याने एका सुताराला हाताच्या खुणेने सांगितलं, ही फळी ओली आहे, सुकल्यावर फट पडेल. सुताराने फळी ठोकून बघितली, आणि म्हाताऱ्याला चहा मागवला.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला चंद्रकांता स्वतः ताट घेऊन आली. समोर बसली.

"कशानं गेली?"

"ताप. नऊ दिवस. बोईसरचं औशद चालू होतं."

"मला बोलवत होती?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. ते गोडही झालं असतं. पुंडलिकने घास खाली ठेवला.

"सातव्या दिवशी म्हणाली, चंद्रीला बोलवा. मी म्हणालो, उद्या तार करतो. आठव्या दिवशी परत म्हणाली. मी म्हणालो, बरी हो, मग बगू." तो थांबला. "नवव्या दिवशी काईच म्हणाली नाय. बोलतच नव्हती. नुसती दाराकडं बगत होती. तार करायला कुटं लांब जायचं नव्हतं. पोस्ट बोईसरलाच होतं. मी गेलो नाय, चंद्रे. माज्या तोंडातून तुजं नाव निगत नव्हतं."

चंद्रकांता रडली नाही. तिने ताट त्याच्याकडे सरकवलं.

"हे मी विसरायची नाय," ती म्हणाली.

"नको विसरू."

"जेवा. गार झालं."

त्याने जेवण संपवलं. मग चाचरत म्हणाला, "बाळंतपनाला घरी चल. तुज्या आयच्या मनात होतं. पुष्पलता हाय, आळीतल्या बायका हायत. गावात कोण काय बोलंल ते मी बगतो."

"डॉक्टरणीनं गाडीत बसायचं नाय सांगितलंय." ती ताट उचलत उठली. दारात थबकली. "जमनाच्या वेळी माज्याजवळ माजं कोणी नव्हतं, बाबा. हे समुद्रावर होते, पंचवीस दिवस तोंडात आपली भाषा नव्हती. तुमाला रायचं असलं तर राहा."

तिने मागे वळून पाहिलं नाही, म्हणून पुंडलिकने मान डोलावली ती तिला दिसली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या अंथरुणावर धुतलेली चादर होती.

तो दोन महिने राहिला. भाच्याला पत्र टाकलं, होडी संभाळ. मुलगा झाला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर तो आणि करसन दोघांत एक विडी ओढत बसले होते. चंद्रकांता त्याच्याशी अजूनही मोजकंच बोले. कधी एकदम तुटक होई, तेव्हा तो मुकाट्याने पाणी भरायला जाई. गलबतांच्या कारखान्यात आता त्याला रोज हाक येत होती. नवापुरात त्याला सगळे तांडेल म्हणत. इथे त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. फळी चढवायची वेळ आली की वरून सुतार ओरडत, "अरे, चंद्राना बापाने बोलावो!" चंद्राच्या बापाला बोलवा.

आणि पुंडलिक धोतर खोचून, "आलो, आलो," म्हणत उठे.