बाबांच्या वाटीतलं चिकन

जबड्याच्या ऑपरेशनला सतरा दिवस झाले होते आणि बाबांचं वजन चार किलोंनी उतरलं होतं. सोमवारपर्यंत त्यांनी नीट खाल्लं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. शुक्रवारी मी चिकन पन्नास मिनिटं खळखळ उकळलं. एकही जंतू वाचला नाही. चवही वाचली नाही. बाबांनी घास बराच वेळ तोंडात घोळवला आणि हळूच बशीत काढून ठेवला.

"शास्त्रीणबाई, ही मशीनच्या पट्ट्याची वादी आहे."

शनिवारी सकाळी मी पुन्हा पातेलं चढवलं. हाडासकट तंगड्या, त्या बुडतील एवढं गार पाणी, कांदा, चार मिरे. बाबा दारात स्टूल टाकून बसले. तीस वर्षं त्यांनी कारखान्याचा बॉयलर सांभाळला होता.

"उकळी आली. आता गॅस बारीक कर."

"पण बाबा, आत कच्चं राहिलं तर?"

"शिजतं ते उष्णतेनं. आदळआपट कशाला?"

मी वरचा फेस चमच्याने काढला, गॅस बारीक केला आणि पाण्यात थर्मामीटर धरला. नव्वद अंश. बाबांनी मात्र डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. "अजून जरा कमी. बुडबुडा एकेकटा आला पाहिजे."

"बघ गं," आई म्हणाली, "इतकी वर्षं कधी चहा टाकला नाही, आणि आता माझ्या ओट्यावर कारखाना काढलाय!"

"अहो बाई, कामगार लागतील. येता का?" बाबा जबडा फारसा न उघडता हसले. लगेच जबडा दुखला, तरी हसले.

पस्तीस मिनिटांनी मी हाडाजवळ सुरी खुपसली. रस स्वच्छ निघाला. गॅस बंद करून झाकण ठेवलं आणि दहा मिनिटं मांस त्याच पाण्यात मुरू दिलं. मग बोटांनी अगदी बारीक तंतू सोडवले आणि वाटीत घालून वर तेच गरम पाणी ओतलं.

बाबांनी पहिला घास घेतला. आई आणि मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो. घास खाली उतरला. दुसराही. अर्धी वाटी संपल्यावर त्यांनी चमचा थांबवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ कोण घालणार? शेजारी?"

सतरा दिवसांत त्यांनी जेवणात काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. आई डोळे पुसत मिठाचा डबा आणायला धावली.