पेरू उजव्या हाताला

काकूंना घर सोडून बरीच वर्षं झाली, पण घराने काही काकूंना सोडलं नव्हतं. गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि ही मंडळी तिसऱ्या मजल्यावर येऊन राहिली. तरी दुपारी जरा आडवं झालं की काकू मनातल्या मनात फाटक उघडून आत शिरायच्या. उजव्या हाताला पेरूचं झाड, डाव्या हाताला धुण्याचा दगड, मग दार.

घोळ घातला तो भिंतीवरच्या फोटोने. गाव उठलं तेव्हा एका फोटोग्राफरने काढून दिलेला. दारात काका ताठ उभे, आणि पेरू चक्क डाव्या हाताला! काकूंनी पहिल्या दिवसापासून आरडाओरडा केला, पण ऐकतो कोण? "आई, फोटो कशाला खोटं बोलेल?" मुलगा म्हणायचा. काका तर स्वतःच फोटोत, त्यामुळे फोटोच्याच बाजूचे. त्यात हल्ली काकू चष्मा ठेवून विसरायला लागल्या. मुलाने दोन्हींची सांगड घातली आणि डॉक्टरांकडे नंबर लावला. काकू वरवर फणकारल्या, आतून मात्र पार घाबरल्या. पेरूच चुकला असेल तर घरातलं काय काय चुकलं असेल? गेले काही दिवस त्या फाटकाशीच थबकायच्या. आत जायची छातीच होईना.

आज तोच फोटोग्राफर परत आला. डोक्याचं तुळतुळीत मैदान झालेलं. गावातून उठलेल्या माणसांची आजची घरं त्याला टिपायची होती.

"काका, तसेच उभे राहा. तो शर्ट आहे का हो अजून?"

शर्ट होता. काका काही म्हणता काही टाकत नाहीत. पोटावरची बटणं कुरकुरली, पण लागली.

फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. एकदा काकांकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. "काका, तुमचा खिसा डावीकडे आहे."

"मग काय पाठीवर असतो?"

"फोटोत तो तुमच्या उजव्या बाजूला आहे." त्याचा चेहरा उतरला. "काकू, छापताना माझ्याकडून फिल्म उलटी लागली. सगळंच उलटं आलंय. चुकलो मी."

मुलगा खाली मान घालून उभा राहिला. काकूंना बापलेकांची चांगली खरडपट्टी काढायची होती, शब्दसुद्धा तयार होते. पण आधी पदराने डोळेच पुसावे लागले.

फोटोग्राफरने फ्रेम उतरवून त्यांच्या हातात दिली आणि त्यांना कपाटाच्या आरशासमोर नेलं. "अशी छातीशी धरा. आता आरशात बघा."

आरशात पेरू उजव्या हाताला होता. धुण्याचा दगड डावीकडे. दारात तरणे काका, आणि वर काकूंचा पांढऱ्या केसांचा चेहरा.

"अगं, रडतेस कशाला? जिंकलीस की!" काका म्हणाले.

"गप्प बसा हो जरा," काकूंनी डोळे मिटले. "आत जातेय मी."