आत माया आहे

"बाई, आता आणखी खेचलं तर फाटणार हां. मग मला बोल लावू नका," असं सुतारदादा शिडीवरून पुन्हा एकदा ओरडले, तेव्हा कुठे चिंधीबाईंनी चाकावरचा हात काढला.

चिंधीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सरकारी प्रदर्शनाच्या इमारतीत त्या मांडणीचं काम करत आणि बरीच वर्षं त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. दात कसे घासावेत, पाणी कसं वाचवावं, मधमाशी दिवसभर काय करते, असल्या विषयांवर येणाऱ्याजाणाऱ्याने घडीभर थांबावं, हात लावून बघावं असं काहीतरी उभं करायचं, ही त्यांची नोकरी. या खेपेला विषय आला कपड्यांचा. असलेले कपडे सांभाळा, दुरुस्त करा, पुन्हा वापरा. बाईंनी घरोघरी निरोप धाडून जुने कपडे मागवले. बोचकी आधी टेबलाखाली शिरली, मग कपाटावर चढली, शेवटी साहेबांच्या खुर्चीतही जाऊन बसली, आणि आठवड्याच्या आत बाईंची चिंधीबाई झाली. बाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. नाव ठेवणाऱ्या हिशेबनिसाचाच विटका स्वेटर त्यांनी गोड बोलून बोचक्यात घातला होता.

मांडणी तशी साधी होती. एका बाजूला बटणं लावायचं टेबल, दुसऱ्या बाजूला भोकं बुजवायला लोकर आणि सुया, आणि हॉलच्या मधोमध दोन माणसांच्या उंचीचा निळ्या चौकड्यांचा सदरा. सदऱ्यामागे लाकडी चाक होतं. ते फिरवलं की दोऱ्या ओढल्या जात, दोन्ही बाजूंच्या शिवणी सुटत, आत दुमडून ठेवलेलं कापड सरसर बाहेर येई आणि सदरा बघता बघता ऐसपैस होई. पोर वाढलं, माणूस सुटला, म्हणून लगेच नवा कपडा कशाला? शिवणीत कापड राखलेलं असतं, ते सोडा की झालं. त्या राखलेल्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. म्हणून बाईंनी वर पाटी लावली: 'आत माया आहे.'

साहेबांनी पाटी वाचली आणि चष्मा कपाळावर नेला. "आत माया, मग बाहेर काय, ब्रह्म?"

"साहेब, शिवणीतली माया."

"ते तुम्हाला आणि मला कळतं हो. लोकांना कळेल का?"

साहेबांची शंका अगदीच पोकळ निघाली नाही. पाटी एक दिवस वाळवायला दारापाशी ठेवली होती. ती वाचून एक गृहस्थ आत आले आणि पहारेकऱ्याला विचारू लागले, "मायाताई आत आहेत ना? मोकळ्या आहेत का?" पहारेकरी नवा होता. 'नाही' म्हणायची त्याला लाज वाटली असावी. त्याने त्यांना दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. दुसऱ्या मजल्याने तिसऱ्यावर. अर्ध्या तासाने ते घामाघूम होऊन खाली आले आणि तणतणत म्हणाले, "एक बाई जागेवर सापडेल तर शपथ! लोकांनी कामं करून घ्यायची कशी?" बाईंनी त्यांना पाणी दिलं, सदऱ्यापाशी नेलं आणि शिवण उलटी करून माया दाखवली. गृहस्थ बराच वेळ ती बोटांनी चाचपत राहिले. जाताना म्हणाले, "तरीच म्हटलं, माझं काम काय होतं मायाताईंकडे?"

ही गोष्ट बाईंनी संध्याकाळी घरी सांगितली तेव्हा मास्तर पोट धरून हसले. मग पोट दुखलं म्हणून थांबले.

मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. तलावावर पोहायला शिकवत. गावातली निम्मी माणसं कधी ना कधी मास्तरांच्या तळहातावर पोट टेकून पाण्यात हातपाय मारायला शिकली होती. माणूस दणकट, दारात उभा राहिला की घरात अंधार व्हायचा. त्यांच्या मापाचा तयार सदरा दुकानात मिळत नसे, म्हणून लग्नापासून त्यांचे सदरे बाईच शिवत. मास्तरांचा निळ्या चौकड्यांचा सदराच हॉलमधल्या मोठ्या सदऱ्यासाठी नमुना म्हणून बाईंनी समोर ठेवला होता.

गेल्या वर्षी त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, आणि मास्तर उतरणीला लागले. सुरुवातीला डॉक्टर म्हणाले होते, "वजन येईल परत, घाई करू नका." बाईंनी ते एक वाक्य घट्ट धरून ठेवलं. सदरा सैल झाला की बाई बाजूंच्या शिवणींना आतून नवी टीप घालत. पुन्हा सैल झाला की आणखी आत. पण वाढलेलं कापड त्यांनी एकदाही कापलं नाही. वजन परत आलं की टिपा उसवायच्या आणि सदरा पूर्वीसारखा करायचा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. वजन आलं नाही. अलीकडे डॉक्टर झोपेबद्दल विचारत, दुखण्याबद्दल विचारत. वजनाचं नाव काढत नसत, आणि बाईही विचारत नसत.

त्या संध्याकाळी सदरा बदलताना बाईंना मास्तरांच्या कुशीवर लाल वळ दिसला. काखेपासून कमरेपर्यंत सरळ गेलेला.

"हे काय झालंय?"

"काही नाही गं. शिवण लागते."

"थांबा, मलम लावते."

"मलम कशाला? आतलं ते कापून टाक की. कुशीवर वळलं की दोरखंडावर निजल्यासारखं होतं."

"आणि उद्या अंग धरलंत म्हणजे? तेव्हा कापड कुठून आणू?"

"नवीन आणू."

"नवीन! अहो, सगळ्या गावाला सांगत सुटलेय मी, नवीन आणू नका म्हणून. आणि माझ्याच घरात?"

मास्तरांनी दोन्ही हात वर केले, हरलो म्हणून. बाईंनी वळावर मलम लावलं आणि शिवणीवर आतून जुन्या मऊ चादरीची पट्टी घातली, टोचू नये म्हणून. त्याने शिवण आणखी जाड झाली, हे शिवणकामात मुरलेल्या बाईला समजायला हवं होतं. पण बाईंना त्या शिवणीची भीती बसली होती. कात्री लावली की आपण आपल्या तोंडाने कबूल केल्यासारखं होईल, आणि आपण कबूल केलं की ते खरं होऊन बसेल, असं त्यांना आतून वाटे. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी मास्तर हट्टालाच पेटले. "मी येणार. तुझं चाक मला फिरवायचंय."

"गर्दी असते. दमाल."

"दमलो तर बसेन. खुर्च्या सरकारी आहेत, तुझ्या नाहीत."

आले. बटणांच्या टेबलापाशी खुर्चीवर बसले आणि येणाऱ्या बायकांना सुईत दोरा ओवून देऊ लागले. हाताला थोडा कंप होता, पण दोरा बरोबर जात होता. लोक सदऱ्याभोवती जमत होते. एकाने चाक फिरवायचं, बाकीच्यांनी 'सुटला, सुटला!' म्हणून ओरडायचं. साहेबांचं भाषण झालं, ते बाईंची पाटी कशी आपल्याच डोक्यातून निघाली यावर होतं. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

एक आडव्या अंगाचा माणूस टेबलाशी आला. बटण लावता लावता त्याने मास्तरांचा आवाज ऐकला, मान वर केली, पुन्हा खाली घातली, आणि मग एकदम उभा राहिला.

"मास्तर? मास्तर तुम्ही? तुम्ही तर अगदीच..."

"बारीक झालो," मास्तरांनी त्याचं वाक्य पुरं केलं. "तू मात्र बुडायचा नाहीस आता. बस, दोरा ओवून देतो."

तो बसला. लांबून बघणाऱ्या बाईंनी तोंड फिरवलं आणि उगाचच सुयांचा डबा नीट लावायला घेतला.

मग साहेब पाहुण्यांना घेऊन चहाला गेले, लोकही पांगले आणि सदऱ्यापाशी कुणी उरलं नाही. मास्तर उठले, टेबलाला, खुर्चीला, भिंतीला धरत चाकापर्यंत गेले. बाई मागोमाग होत्याच. मास्तरांनी चाक धरलं आणि जोर लावला. चाक हललं नाही. सदरा मोठा करताना आत दोऱ्यांना बांधलेली वजनं उचलावी लागत. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नसे.

"सुतारदादांना बोलावते," बाई म्हणाल्या.

"थांब." मास्तरांनी चाक दुसऱ्या बाजूला फिरवून बघितलं. ते लोण्यासारखं फिरलं. "अगं, उलटंही चालतं की हे!"

"अहो, ते संध्याकाळी पूर्ववत करायला ठेवलंय. लोकांसाठी नाही ते."

पण मास्तर फिरवत राहिले. कापड आत जाऊ लागलं. सदरा आवळत गेला, मूळ मापावर आला, त्याहून अरुंद झाला. आणि मग आतमध्ये काहीतरी अडकलं. दोन्ही कुशींवर कापडाचे मोठाले गोळे फुगून आले, चाक कुरकुरलं आणि गच्च बसलं. बाई बघत राहिल्या. इतक्या दिवसांत त्यांनी हे कधी करून बघितलंच नव्हतं. सदरा वाढणार एवढंच धरून त्यांनी सगळं आखलं होतं. आत गेलेलं कापड कुठे मावायचं, याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

"मोडलं का गं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. दाटलंय नुसतं."

मास्तर चाकाला टेकून उभे राहिले. दम घेऊन हळू आवाजात म्हणाले, "तुला एक सांगू? तू त्या दांडग्या माणसाची वाट बघत बसलीयस. तो येईल म्हणून त्याची जागा राखून ठेवलीयस, आणि मी रोज त्या जागेवर झोपतो. तो नाही यायचा आता. तुला माहितीय, मलाही माहितीय." मग जरा थांबून ते म्हणाले, "मी आहे ना इथे. माझ्या मापाचं शिव की काहीतरी."

बाईंनी मास्तरांचा हात चाकावरून काढून आपल्या खांद्यावर घेतला. तेवढ्यात सुतारदादा आले आणि फुगलेल्या सदऱ्याकडे बघून त्यांनी डोक्याला हात लावला.

"कुणी केलं हे?"

"आमच्या यांनी," बाई म्हणाल्या. "दादा, उद्या मागच्या बाजूला एक खण करू या. आत जाणारं कापड त्यात पडेल असा."

"म्हणजे उलटं फिरवू द्यायचं लोकांना?"

"द्यायचं."

"साहेब म्हणतील, बारीक होणारा सदरा बघायला कोण येणार?"

"येतील," बाई म्हणाल्या. "मी चालले, यांना घेऊन. साहेबांना सांगा."

घरी आल्यावर त्यांनी मशीनवरचं झाकण काढलं आणि मशीन खिडकीपाशी उजेडात ओढलं. मास्तर सदऱ्याची बटणं काढायला लागले.

"थांबा. आधी माप घेऊ दे."

इतके महिने त्यांनी माप घेतलंच नव्हतं. सदरा अंगावर असतानाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचा आणि अंदाजाने टीप घालायची. टेप लावली की आकडा दिसतो, म्हणून टेप खणातच पडून होती. आज त्यांनी ती काढली. मास्तर खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात बाजूंना धरले. बाईंनी टेप छातीभोवती फिरवली.

"नीट बघ. मनाने वाढवू नकोस."

बाईंनी नीट बघितलं आणि आकडा मोठ्याने म्हटला. मास्तरांनी मान हलवली. मग बाईंनी कमरेचं माप सांगितलं, मग खांद्यांचं. मास्तर ऐकत उभे राहिले.

जुन्या टिपा एकाखाली एक उसवत जायला वेळ लागला. चादरीची पट्टी निघाली. बाईंनी दोन्ही बाजू सारख्या केल्या, आजच्या मापावर खूण केली आणि टीप मारली. मग कात्री घेतली. पहिलं बोटभर कापताना हात अडखळला, पुढे कात्री आपली आपण चालत गेली. एक निळी पट्टी खाली पडली. बाई रडत होत्या, पण थांबल्या नाहीत, त्यामुळे दुसऱ्या बाजूची कड जरा वाकडी गेली. मास्तर पलंगावर उघड्या अंगाने, शाल ओढून बसले होते.

"सगळी काढलीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

बाईंनी पदराने डोळे पुसले. "सगळी कशी काढीन? शिवण टिकायला बोटभर तरी ठेवावी लागते."

"तेवढी ठेव," मास्तर म्हणाले.

त्यांनी सदरा घातला. बटणं स्वतःच लावली, अगदी गळ्यापर्यंत. पलंगाची कड धरून आडवे झाले, क्षणभर थांबले आणि डाव्या कुशीवर वळले. बाई मशीनपाशी तशाच उभ्या होत्या. मास्तर उताणे होतील, आता होतील, म्हणून त्या वाट बघत राहिल्या. ते वळले नाहीत. थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला. तेव्हा बाईंनी आवाज न करता कपाट उघडलं आणि दुसरा सदरा उसवायला घेतला.