सव्वा किलोचा फरक

रेवदंड्याच्या तस्नीमने मृणालवर कधी संशय घेतला नव्हता. चार वर्षं दोघी ज्युदोच्या एकाच मॅटवर एकमेकींना पाडत आल्या होत्या. दोघी अठ्ठेचाळीस किलोखालच्या गटातल्या. जिल्ह्यात तस्नीम पहिली, मृणाल दुसरी.

पण राज्य स्पर्धेची निवड तीन आठवड्यांवर आली आणि तस्नीमचं वजन काही केल्या उतरेना. सराव हॉलच्या ऑफिसात प्रशिक्षक नूतन मॅडम एकेकीला बोलावून वजन घेत. तस्नीमचं रोज तेच, पावणेएकोणपन्नास. तिने भात सोडला, भाकरी सोडली. अम्मीने पुढ्यात ठेवलेलं ताट दोन घास चिवडून ती उठायची. तीन महिने पाळी आली नव्हती. मॅडमनी खोदून विचारलं, तेव्हा ते तिच्या तोंडून निसटलं होतं.

"बावन्नच्या गटात ये," मॅडम तेव्हाच म्हणाल्या होत्या. "उंची वाढलीय तुझी. शरीर ऐकणार नाही."

"अठ्ठेचाळीसमध्ये माझा पहिला नंबर आहे, मॅडम," तस्नीम म्हणाली होती आणि विषय तिथेच संपला होता.

एके दिवशी सरावाहून येताना ती अब्बांच्या शेडमध्ये डोकावली. तिचे अब्बा हमदुल्ला मासळीचे व्यापारी. कोळंबीचे क्रेट तोलायच्या काट्यावर ती सहज उभी राहिली. आकडा आला साडेसत्तेचाळीस.

"अब्बा, हा काटा बरोबर आहे ना?"

"सरकारी शिक्का आहे त्याच्यावर. का गं?"

"काही नाही."

सव्वा किलोचा फरक! घरी जाईपर्यंत तिच्या डोक्यात एकच नाव घुमत होतं. हॉलची चावी मृणालकडे. रोज सकाळी कुलूप तीच उघडते. ऑफिसातला काटा जुना, तबकडीचा. खाली शून्यावर आणायचं चाक. ते जरा फिरवलं की झालं. तस्नीम वैतागून वरच्या गटात गेली, तर अठ्ठेचाळीसची जागा कुणाला? मृणालला.

मग प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसू लागलं. मृणाल "आज किती भरलं गं?" असं का विचारते? मॅडमशी बोलता बोलता मला बघून गप्प का होते? परवा तिने शेंगदाण्याची चिक्की पुढे केली, ती प्रेमाने की वजन वाढावं म्हणून?

गुरुवारी सरावात तस्नीमने तिची कॉलर धरली आणि गरज नसताना सगळा जोर काढून आपटली. मृणाल खांदा धरून बसली.

"मारतेस का मला? झालंय काय तुला?"

"काट्याशी खेळ कोण करतं, ते तुलाच माहीत!"

मृणालला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिचे डोळे भरून आले, पण आवाज चढला. "मी पण त्याच काट्यावर उभी राहते ना? आज माझं पावणेअठ्ठेचाळीस भरलं. चल तुझ्या अब्बांकडं. आत्ताच्या आत्ता!"

शेडमधल्या काट्यावर मृणाल पावणेअठ्ठेचाळीसच भरली. तस्नीम परत साडेसत्तेचाळीस.

म्हणजे हॉलचा काटा मृणालसाठी बरोबर होता आणि तस्नीमसाठी चूक. दोघींच्या वेळी त्या खोलीत हजर असणारं माणूस एकच होतं.

"मॅडम असं कशाला करतील?" मृणाल पुटपुटली.

तस्नीम तडक हॉलवर परतली. नूतन मॅडम मॅट झाडत होत्या. तिने सरळच विचारलं. मॅडमनी नाकारलं नाही. त्या मॅटवरच खाली बसल्या.

"तू आत यायच्या आधी मीच चाक फिरवायचे, तू गेलीस की परत शून्यावर आणायचे. वाटलं, वजन उतरत नाही म्हटल्यावर कंटाळून बावन्नला तयार होशील. पाळी बंद झालेली पोर अशी उपाशी खेळते, ते बघवत नव्हतं मला."

"मी अजून उपाशी राहिले, मॅडम. तुमच्या आकड्यामुळे."

"हो," मॅडम म्हणाल्या. "ते दिसत होतं. तरी थांबवलं नाही मी. चुकलंच माझं."

"आणि मी मृणालचा खांदा दुखावला." तस्नीम म्हणाली. ती निघून गेली.

त्या दुपारी तिने अम्मीला पाळीचं सांगितलं. अम्मीने आधी झापलं, मग जवळ घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अलिबागला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, पोटभर खा आणि वरच्या गटात खेळ. मृणालची माफी मागायला तस्नीमला चार दिवस लागले. मृणाल "बरं" एवढंच म्हणाली. हसली ती आठवड्याने.

निवडीच्या फॉर्मवर तस्नीमने स्वतःच्या हाताने 'बावन्न' लिहिलं. पहिली लढत तिने मारली, दुसरीत अंगाने भरलेल्या एका पोरीने तिला दाबून धरलं आणि ती हरली. राज्यात मृणाल गेली, अठ्ठेचाळीसमधून. पुढल्या वर्षी तस्नीमही गेली आणि कांस्यपदक घेऊन आली.

नूतन मॅडम अजून तिच्याच मॅडम आहेत. किनाऱ्यावर त्यांच्याइतकं शिकवणारं दुसरं कुणी नाही. पण त्या "आज छान खेळलीस" म्हणाल्या, की तस्नीम मान डोलावते आणि हळूच मृणालला विचारते, "खरंच छान झालं का गं?"