चावी माझ्या हातात होती

गाडी सेल्फ घेते, इंजिन फिरतं, पण स्टार्ट काही होत नाही, हे ऐकलं की माझं डोकं आधीच तापतं. त्यापेक्षा साफ मेलेली गाडी परवडली. बॅटरी बघायची, वायर बघायची, विषय संपला. फिरणारी गाडी म्हणजे प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणून काहीच न करणारा नवरा. माझा तसा नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर रुसून बसायचा.

परवा रोपवाल्याचा ट्रक आला तो असाच, दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणलेला. ट्रक जुना, नाक पुढे आलेला, बॉनेट उघडलं की बाजूला उभं राहून आरामात हात घालता येईल असा. मागे कलमी रोपं खच्चून भरलेली, वर ओली गोणपाटं. ऊन असं की पाना उचलला तर हाताला चटका. रोपवाला उतरला तो रडवेलाच होऊन.

"ताई, संध्याकाळच्या आत पोचवायचीत. एकदा का रोपांनी माना टाकल्या की गिऱ्हाईक हात लावत नाही."

"आत्ताशी आलास ना? श्वास तर घेऊ दे," मी म्हटलं. मी अशीच बोलते. लोकांना सवय आहे.

आमचं गॅरेज म्हणजे मी आणि माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणते, बाकी सगळे उस्ताद म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता. नवऱ्याला ग्रीसच्या वासाने मळमळतं, तो कचेरीत बसतो. हाताखालची माणसं यायची आणि चार दिवसांत जायची. एक दिवस मामंजींनी मलाच हाक मारली आणि बॅटरीची वायर धरायला लावली. तेव्हापासून धरलेली सोडलेली नाही.

काम करायची आमची एक पद्धत आहे. मी केबिनमध्ये बसायचं, चावी माझ्याकडे. मामंजी खाली इंजिनाशी, कारण कान त्यांचा. सेल्फ मारायच्या आधी मी चावी अर्धी फिरवायची. डिझेल पंपाला एक छोटं सोलेनॉइड असतं. चावी फिरली की ते टक् करतं आणि डिझेलची वाट उघडते. ते टक् झालं नाही तर इंजिन दिवसभर फिरवा, आत थेंब जाणार नाही. म्हणून पहिलं काम ते. आवाज झाला की मामंजी खालून म्हणतात, "आला." आणि एकदा "आला" म्हटलं की ती गोष्ट परत बघायची नाही. नियम त्यांचाच. एकाने ऐकलं म्हणजे दोघांनी ऐकलं, नाहीतर दोन माणसं लागतात कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मी कधी कान दिलाच नाही. चावी फिरवायची आणि "आला"ची वाट बघायची, एवढंच माझं काम.

त्या दिवशीही मी चावी अर्धी फिरवली.

"आला," मामंजी म्हणाले.

सेल्फ मारला. इंजिन झकास फिरलं, पण सायलेन्सरमधून धुराचा पत्ता नाही. धूर नाही म्हणजे डिझेल पोचत नाही, हे आता मलाही झोपेत कळतं. टाकी बघितली, अर्धी भरलेली. फिल्टर काढला, नवा घातला. हातपंप मारून मारून हवा काढली. आधी फेस आला, मग स्वच्छ धार. मधल्या मधे मी रोपवाल्यालाही झापून घेतलं, की डिझेल कुठून भरतोस, स्वस्त मिळालं म्हणून कायपण ओततोस का. तो बिचारा नाही नाही म्हणत राहिला. शेवटी मामंजींनी पंपातून नोझलकडे, म्हणजे इंजिनात डिझेल फवारतं तिकडे, जाणाऱ्या पाइपाचा नट सैल केला आणि मी पुन्हा सेल्फ मारला. पाइप कोरडा ठणठणीत.

म्हणजे डिझेल पंपापर्यंत येत होतं आणि पंपातून पुढे जात नव्हतं. सोलेनॉइड तर चालू, "आला" म्हणून झालेलं. मग राहिलं काय?

"पंप गेला," मामंजी हात पुसत म्हणाले. "उतरवून पंपवाल्याकडे द्यावा लागेल. दोन दिवस धर."

रोपवाल्याने बादली घेतली आणि मागे जाऊन गोणपाटांवर पाणी शिंपडत बसला. मला त्याची दया आली आणि दया आली की मला राग येतो, हा माझा स्वभाव. दुपार अशीच गेली होती, पोटात काही नव्हतं. म्हटलं, पंप उतरवायच्या आधी शेवटचं एकदा सगळं पहिल्यापासून करून बघू. मामंजी खाली उभे राहिले. मी केबिनमध्ये चढले, आणि चढताना हातातली चावी निसटून पायाशी पडली. मी वाकून उचलायला गेले.

"आला," मामंजी म्हणाले.

मी तशीच वाकलेली राहिले. चावी अजून पॅडलखाली होती. मान तेवढी वर करून काचेतून बघितलं तर मामंजी पंपाकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, माझ्या खांद्याकडे. खांदा हलला की "आला". मघाशी पण तेच. कोण जाणे किती दिवस तेच.

आता खरं काय करायला हवं होतं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. खाली उतरायचं, पाणी प्यायच्या निमित्ताने पंपाशी जायचं, वायर हलवून बघायची, गुपचूप. गाडी चालू झाली असती आणि मामंजींना वाटलं असतं की कुठेतरी हवा अडकली होती. पण नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अख्खी दुपार मी घाम गाळला, त्या गरिबाला चोर ठरवलं, आणि ह्यांना ऐकूच येत नाही तर सांगायला तोंड नव्हतं का?

मी चावी उचलून मुठीत धरली. शेजारचा टायरवाला येऊन उभा राहिला होता, रोपवालाही बादली ठेवून पुढे आला होता. दोघं बघताहेत याची मी खात्री करून घेतली. हे लिहिताना हात जड होतो, पण घेतली. मग मी मोठ्याने म्हटलं, "मामंजी, आणखी एकदा बघा हं," आणि खांदा हलवला.

"आला."

मी दार उघडून उतरले आणि त्यांच्यासमोर मूठ उघडली.

"चावी माझ्या हातात आहे. कसला आला?"

टायरवाला फिस्सकन हसला. त्याचं बघून मीही हसले.

मामंजींनी माझ्या तळहाताकडे बघितलं. मग टायरवाल्याकडे, मग पुन्हा चावीकडे. रागावले असते तर बरं झालं असतं, मी दोन शब्द जास्तच ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा पार लहान झाला. फडक्याने एकेक बोट पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं, आणि म्हणाले, "सोलेनॉइडची वायर बघ." मग मागच्या दाराने घरात निघून गेले. चप्पल तिथेच राहिली.

वायरीचं टोक गंजून सुटल्यात जमा होतं. घासलं, आवळलं, केबिनमध्ये जाऊन चावी अर्धी फिरवली. टक्. बसल्या जागेवरून मला आवाज स्पष्ट ऐकू आला. पहिल्यापासून कान दिला असता तर तो येत नाही हेही तितकंच स्पष्ट कळलं असतं. सेल्फ मारला आणि ट्रक धूर ओकत उठला.

रोपवाला खूश होऊन हात मिळवायला उस्तादांना शोधू लागला. ते आत आहेत म्हटल्यावर जरा घुटमळला. निघताना, गाडीत बसून, रस्त्याकडे बघत म्हणाला, "ताई, तुम्ही मला बोललात त्याचं काही नाही. उस्तादांना तसं करायला नको होतं." आणि गेला. ज्याला दुपारभर मी घालूनपाडून बोलले, त्याने मला हे सांगावं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

संध्याकाळी मामंजी जेवायला बसले ते ताटातून नजर वर न करता. मी आमटी वाढायला गेले तर त्यांनी वाटीवर हात धरला. नवऱ्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं ऊन लागलं असेल. खोटंही मला धड बोलता येईना. रात्री उशीत तोंड खुपसून पडले. मूठ उघडताना त्यांचे डोळे कसे झाले होते तेवढंच सारखं दिसत होतं.

सकाळी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले. मामंजी पाठमोरे बसून पाने पुसत होते. मी कप त्यांच्याजवळ ठेवला. आयुष्यात कधी वापरला नसेल एवढा मऊ आवाज काढला आणि म्हटलं, "मामंजी, चुकलं माझं. माफ करा."

ते पाना पुसत राहिले. मानसुद्धा हलली नाही. डोळे भरून आले तशी मी स्वयंपाकघरात आले.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, हसले तेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं, हातातली जुडी खाली ठेवली.

"आणि आता माफी मागितलीस, तर बोलले नाहीत?"

"वळूनसुद्धा बघितलं नाही."

"कशी मागितलीस?"

"कशी म्हणजे? हळूच."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "हळूच? अगं, कान गेलेत त्यांचे. केव्हाचेच गेलेत. मी बोलले तर कळत नाही, तुझ्या नवऱ्याचं कळत नाही, दार वाजलेलं कळत नाही. घरात एकट्या तुझं बोलणं त्यांना ऐकू जातं. हाताखालची माणसं का टिकायची नाहीत, तर ती बोलायची ते ह्यांना कळायचं नाही, मग भांडणं. तू आलीस आणि पहिल्याच आठवड्यात दूधवाल्याशी कडाकडा भांडलीस. त्या दिवशी हे मला म्हणाले, हिचं ऐकू येतं गं. हिला हाताशी घेतो."

इतकी वर्षं मला वाटत होतं, माझा हात चांगला म्हणून मला घेतलं.

"हातही चांगलाच आहे तुझा," त्या म्हणाल्या, जसं काही मी ते तोंडाने बोलले होते. "पण आधी आवाज. म्हणून तुला सांगितलं नाही त्यांनी. कळलं तर तू हळू बोलायला लागशील, याची धास्ती. आता जा, आणि नीट ओरडून सांग."

ओरडून भांडण करता येतं. ओरडून माफी कशी मागायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. गॅरेजच्या दारात जाऊन उभी राहिले. शेजारी टायरवाला हवा भरत होता, दोन गिऱ्हाइकं बाकड्यावर बसलेली. कालच्यापेक्षा माणसं जास्तच होती. मी पोटातून आवाज काढला.

"मामंजी, चुकलं माझं."

टायरवाल्याने यंत्र बंद केलं. मामंजी सावकाश वळले.

"काय चुकलं?"

खरंच नीट ऐकू आलं नव्हतं की मला परत बोलायला लावायचं होतं, ते त्यांनाच ठाऊक. लाजेने मान खाली घालावी तर आवाज जमिनीत जाणार आणि त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून मान वर ठेवून, त्यांच्या डोळ्यांत बघून मी सगळं सांगितलं. चावी मुठीत ठेवून खांदा हलवला. लोक बघताहेत हे बघूनच हलवला. आणि वरून हसले. हसले ते दोनदा सांगावं लागलं, पहिल्यांदा मान खाली गेली. तोवर रस्त्यापलीकडचा शिंपीही मशीन थांबवून दारात आला होता. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मघाचा तसाच पडलेला गार चहा उचलून तोंडाला लावला.