काडीएवढे तुकडे

आयली मावशी कात्रीने मासा कापत होती, आणि कसा माहितीये, काडेपेटीतल्या काडीएवढे तुकडे. मी म्हटलं, मावशी, पाच मिनिटं झाली गं, अजून एकच मासा? तर मान वर न करता म्हणते, "त्याच्या डोक्यापेक्षा जाड नको. तुझा काका असंच गांडूळ कापायचा."

ज्याच्यासाठी मासा कापत होती, तो म्हणजे नौहा. तौनो काकांचा पाळलेला साप. साधा गार्टर जातीचा, बिनविषारी, अंगावर तीन पिवळे पट्टे, म्हणून नाव नौहा, फिनिश भाषेत फीत. काकांनी तो सहा वर्षं काचेच्या पेटीत सांभाळला. मावशी त्या खोलीत झाडायलाही जायची नाही. जेवताना काकांना म्हणायची, "आधी साबणाने हात धू, नाहीतर तिकडेच जेव, तुझ्या लाडक्याबरोबर."

डिसेंबरात काका गेले. ते दवाखान्यात होते तेवढ्या दिवसांत तळघरातली गांडुळांची पेटी वाळून गेली, कुणाच्या लक्षातच नाही. बाहेर कमरेएवढं बर्फ, गळाची गांडुळं विकणारं दुकान थेट वसंतात उघडणार. आणि मावशी कशी आहे, तुम्हाला मी काय सांगू? अडतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात. दर गुरुवारी तिच्याच हातचं वाटाण्याचं सूप खाल्लंय ना आपण सगळ्यांनी? "ये काटकुळ्या, अजून एक पळी घे." तिच्या घरात कुणी उपाशी राहणं शक्यच नव्हतं. सापसुद्धा.

फ्रीझरमध्ये काकांनी एप्रिलात नदीच्या तोंडाशी जाळ्याने धरलेले स्मेल्ट होते. बोटभर चंदेरी मासे, पिशव्यांवर काकांच्या अक्षरात तारीख. मावशीने मला विचारलं, "हेल्मी, तुझ्या त्या फोनात बघ गं, हे चालतील का त्याला?"

मी बघितलं. गांडूळ, बेडूक, मासे. एवढंच वाचलं आणि म्हटलं, चालतात की. खाली अजून बरंच होतं. मी खाली गेलेच नाही.

मग काय, मावशी बदललीच. मासा कोमट पाण्यात सोडायची, चिमट्याने धरून द्यायची, पेटीतला भुसा तोंडात जाऊ नये म्हणून बशीत ठेवायची. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, मलाही लावू द्यायची नाही. एकदा म्हणाली, "मला बघून काचेशी येतो आता. तुझ्या काकाला बघून असाच यायचा. त्याने पाळलेलं एवढंच जिवंत उरलंय या घरात." मी मनात म्हटलं, चला, मावशी सावरली.

मार्चच्या शेवटी नौहा डोकं वाकडं करायला लागला. मग पाठीवर पडायचा, पांढरं पोट वर, अंगाला दोरीसारखा पीळ. मी गाडी काढली. दोन तासांचा रस्ता, मावशीच्या मांडीवर उशीच्या अभ्र्यात साप, वर तिचा लोकरी कोट. तिने एकदाही विचारलं नाही की अजून किती लांब.

डॉक्टर बाई चांगल्या होत्या. काय खायला देता, म्हणाल्या. मावशीने सगळं सांगितलं, काडीएवढ्या तुकड्यांसकट, अगदी अभिमानाने. मग बाई म्हणाल्या, कच्च्या स्मेल्टमध्ये असं काही असतं की ते अंगातलं बी-वन जीवनसत्त्व संपवून टाकतं. गोठवून ते जात नाही, शिजवलं तरच जातं. कधीमधी एखादा दिला तर निभतं, पण दर वेळी तेच नाही. इंजेक्शन दिलं. लवकर आणायला हवा होता, म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

मी धावत गेले आणि दारातच बोलून टाकलं. मावशी, माझं चुकलं, मी अर्धंच वाचलं होतं. मला वाटलं रडेल, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बस. तू सांगितलंस. भरवलं मी."

काकांच्या चार पिशव्या उरल्या होत्या. टाकवेनात तिला. तिने त्या दुपारी सगळे मासे राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळले, दोन ताटं वाढली. शिजवल्यावर काही होत नाही, असं मलाच समजावलं. मी काट्यासकट खाल्ले. पलीकडच्या खोलीत पेटीवरचा उबेचा दिवा तसाच चालू होता.

मावशीने अजून एकही तोंडात घातला नव्हता. तिने खणातून कात्री काढली, आपल्या ताटातला तळलेला मासा उचलला, आणि कापायला लागली. बारीक, काडीएवढे. सगळे संपेपर्यंत कापले. मग ते बशीत काढले, बशी हातात घेऊन उठली, पेटीच्या खोलीकडे दोन पावलं गेली, आणि तिथेच उभी राहिली.